थेल्माच्या बर्थवर ड्यूलसी

"फक्त अर्धा तास लंगडी हो, ड्यूलसी. एवढंच मागतोय मी," क्लॅरी हॉबडे म्हणाला.

ड्यूलसीचे दोन्ही हात चॉकलेटात बरबटलेले होते. रविवारच्या चहासाठी ती लॅमिंग्टन करत होती आणि केकचे तुकडे नारळाच्या किसात घोळवताना मध्ये कुणी बोललेलं तिला खपत नसे. "मी का म्हणून लंगडी होऊ? देवाने माझे गुडघे धड ठेवलेत ते तुझ्या डोळ्यांत खुपतात का रे?"

"चाकांची खुर्ची आणलीय. बाहेर गाडीत आहे."

"कुणाची?"

"चर्चची."

"त्यांना विचारलंस?"

"विचारणार आहे. परत देताना."

ड्यूलसीने हातातला तुकडा ताटलीत ठेवला आणि बहिणीच्या नवऱ्याकडे नीट पाहिलं. क्लॅरीने टाय लावला होता. हा माणूस टाय लावतो म्हणजे एक तर कुणी मेलेलं असतं, नाही तर तो काहीतरी भयंकर करायला निघालेला असतो.

"थेल्माला घरी आणायचंय," क्लॅरी म्हणाला.

थेल्मा म्हणजे त्याची बायको आणि ड्यूलसीची थोरली बहीण. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी क्लॅरीला वेड लागलं असं ड्यूलसीला वाटलं नाही. पोर्ट कॅरोत कुणालाच वाटलं नसतं.

आमच्या पोर्ट कॅरोच्या धक्क्याशी, कोरड्या गोदीत, 'कॉन्स्टन्स ग्रे' उभं आहे. तीन डोलकाठ्यांचं जुनं जहाज. एके काळी त्यातून इंग्लंडची उपाशी माणसं या किनाऱ्याला आली. मग त्याने लोकर वाहिली, मग कोळसा वाहिला आणि मग ते खाडीच्या चिखलात कुजत पडलं. गावाने ते चिखलातून उपसून काढलं, डांबर लावलं, शिडं शिवली. खालच्या मजल्यावर प्रवाशांचे दोन मजली लाकडी बर्थ पुन्हा बांधले आणि त्यांत ठेवायला पुतळे हवेत म्हणून शाळेच्या चित्रकलेच्या मिस ऑर्पवूडनी गावकऱ्यांनाच रांगेत झोपवून त्यांच्या तोंडांवर ओलं प्लास्टर थापलं. नाकात नळ्या खुपसल्या आणि सांगितलं, हलायचं नाही. त्या साच्यांतून चेहरे निघाले. प्लास्टरखाली डोळे कोण उघडे ठेवणार? त्यामुळे जहाजावरचे सगळेच्या सगळे प्रवासी डोळे मिटलेले निघाले. मिस ऑर्पवूड म्हणाल्या, हरकत नाही, समुद्रावरची रात्र आहे असं समजा.

पुढे व्हायचं ते झालं. माणसं एकेक करून गेली आणि पुतळे मागे राहिले. आमचं कब्रस्तान टेकडीवर आहे, तिथे वारा टोपी ठेवत नाही आणि गाडी लावायला जागा नाही. तेव्हा गावाने आपली माणसं भेटायला जहाजावर जायचा शिरस्ता पाडला. येता-जाता खाली डोकवायचं, आईच्या गालावरची धूळ पुसायची, "बरी आहेस ना?" म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. नवी सून आली की तिलाही नेऊन दाखवायचं, हे तुझे सासरे. पर्यटक याला अघोरी म्हणत. म्हणू देत. त्यांची माणसं कुठे कुठे आहेत ते त्यांनी आधी पाहावं.

यंदा मेलबर्नहून पेटा विन्स्लो नावाची नवी व्यवस्थापक आली. तिने पुतळ्यांचा रंग तपासायला पाठवला आणि उत्तर आलं की रंगात शिसं आहे. उघड्यावर ठेवता येणार नाही, कुणाच्या घरी देता येणार नाही, नष्ट करावे लागतील. सोमवारी गाडी येणार होती. पुतळ्यांच्या जागी हलत्या चित्रांचे पडदे लागणार होते. गावाने विनवण्या केल्या, आरडाओरडा केला, पण पेटाचं एकच, "नियम मी केलेला नाही." शनिवारी मर्ल टॉड नावाची म्हातारी आपल्या नवऱ्याला कोटाखाली लपवून नेताना पकडली गेली, कारण कोटाखालून चार पाय दिसत होते. तेव्हापासून पेटा सारखी खाली फेरी मारत होती आणि एखादा बर्थ रिकामा दिसला तर फाटक बंद करून पिशव्या तपासणार होती.

"एवढं जिवावर उदार कशाला व्हायचं, क्लॅरी? फोटो आहेत की तिचे."

"कुठे आहेत? दाखव एक."

दाखवण्यासारखा एकही नव्हता. कॅमेरा निघाला की थेल्मा तोंड फिरवायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा तिने नेमका फुलांचा गुच्छ वर धरला होता. "मला तिचा आवाज आठवतो," क्लॅरी म्हणाला, "हात आठवतात. पण चेहरा आठवायला गेलं की डोळ्यांपुढे धुकं येतं. मग मी धक्क्यावर जातो, बघतो आणि घरी येतो. उद्यापासून कुठे जाऊ?"

ड्यूलसीने हात धुतले आणि टोपी घातली.

युक्ती साधी होती. दोघी बहिणींचे चेहरे एका साच्यातले. ड्यूलसी खुर्चीत बसून आत जाणार, थेल्मा ड्यूलसीचा कोट, टोपी आणि काळा चष्मा लावून खुर्चीत बसून बाहेर येणार. तोवर ड्यूलसी बर्थवर डोळे मिटून पडून राहील. क्लॅरी थेल्माला गाडीत ठेवून कोट घेऊन परतला की ड्यूलसी आपल्या पायांनी चालत बाहेर पडेल. सगळ्या युक्त्या स्वयंपाकघरात साध्याच असतात.

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की डोलकाठ्या अर्ध्यातच संपत होत्या. वरचं जहाज कुणी पुसून टाकलं असावं असं वाटत होतं. तिकिटाच्या खिडकीतल्या नोएलीनने ड्यूलसीला खुर्चीत पाहिलं आणि काहीही विचारलं नाही. या बाईने काही विचारू नये हेच नवल होतं. फाटकापाशी केव्ह हॅम्बली, मासळीच्या दुकानाचा मालक, बायकोच्या खांद्यावर लांबलचक पिशवी चढवून देत होता. लाटांवर घसरायची फळी ठेवतात तसली.

"जुलैच्या थंडीत समुद्रात?" क्लॅरीने विचारलं.

"लाटा चांगल्यात म्हणतात," असं पुटपुटत केव्हची बायको वाकून चालत धुक्यात गेली. केव्ह मात्र तिच्यामागे न जाता पुन्हा जहाजात शिरला. हे क्लॅरीला जरा चमत्कारिक वाटायला हवं होतं, पण त्याची स्वतःचीच पाचावर धारण बसली होती.

चाकाच्या खुर्च्यांसाठी जहाजाच्या कुशीत एक दार पाडलेलं आहे. तिथून आत शिरलं की एकदम अंधार, डांबराचा वास आणि दिवसभर वाजणारी आवाजांची टेप. लाटा, फळ्यांची करकर, तान्ह्याचं रडणं आणि एका म्हाताऱ्याचा खोकला. खोकला बर्ट हॅम्बलीचा, म्हणजे केव्हच्या बापाचा. बर्ट गेला, खोकला राहिला. दिवसभर तो तिथे खोकत असतो आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

मिणमिणत्या कंदिलांखाली दोन्ही बाजूंना माणसं निजलेली होती. क्लॅरी आणि ड्यूलसी थेल्मापाशी गेले. वरच्या बर्थवर ती पांढरी टोपी घालून, गळ्यापर्यंत घोंगडी ओढून पडली होती.

"उचल," ड्यूलसी कुजबुजली. "बघत काय बसलास?"

थेल्मा आतून पोकळ होती आणि बाहुलीसारखी कमरेत, गुडघ्यांत वाकायची. जिवंतपणी ती कधी एवढी हलकी नव्हती. त्यांनी तिला कोट घातला, हातमोजे घातले, गळ्याला स्कार्फ गुंडाळला, चष्मा चढवला. मग क्लॅरीने ड्यूलसीला वर चढवलं. हे काम पहिल्यापेक्षा कितीतरी जड निघालं.

"काही बोलू नकोस," ड्यूलसी म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या. जा आणि लगेच ये."

खुर्चीची चाकं कुरकुरत लांब गेली. ड्यूलसीने थेल्माची टोपी कानांवर ओढली, घोंगडी ओढली आणि डोळे मिटले.

आयुष्यात पहिल्यांदाच ती या मजल्यावर आडवी झाली होती. उभ्याने पाहिलेलं जहाज वेगळं आणि पाठीवर पडून ऐकलेलं वेगळं. वरची फळी नाकापासून हातभर अंतरावर होती. उशीला अजून थेल्माच्या डोक्याचा खळगा होता आणि तिचं डोकं त्यात बरोब्बर बसलं. हे तिला मुळीच आवडलं नाही. शिवाय गोदीत पाणी नसताना जहाज हळूहळू डुलतंय असं तिला सारखं वाटू लागलं.

एक पर्यटक जोडपं आलं. "शी, किती खरे दिसतात," बाई म्हणाली.

"ही बघ ना, हिला मिशीसुद्धा लावलीय," नवरा म्हणाला.

ड्यूलसीने श्वास रोखून धरला आणि मनातल्या मनात त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाईने घोंगडीबाहेर आलेल्या तिच्या पावलाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "अगंबाई! हे गरम लागतंय." दोघं जरा घाईनेच बाहेर पडली.

पुन्हा कुणी नाही. लाटा, करकर, तान्हं, खोकला. क्लॅरीचा पत्ता नाही. ड्यूलसीने डोळे किलकिले करून समोर पाहिलं. समोरच्या बर्थवर बर्ट हॅम्बली होता, दाढीवाला, हात छातीवर ठेवलेला. मघाशी आत येताना हात छातीवर होता की पोटावर? तिला आठवेना. ती टक लावून बघत राहिली आणि बर्टचा हात हळूच वर गेला, नाक खाजवलं आणि पुन्हा छातीवर येऊन पडला.

कंदिलाच्या उजेडात असं होतं, तिने स्वतःला बजावलं. उजेड हलतो, माणूस हलत नाही. मेलेला तर नाहीच नाही.

तेवढ्यात दिवे गेले. दमट हवेत जहाजाचा फ्यूज उडतो, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. टेप एक आचका देऊन बंद पडली. दारातून धुक्याचा राखाडी उजेड तेवढा जमिनीवर आला होता. सगळीकडे चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत ड्यूलसीला श्वास ऐकू येऊ लागले.

एक नाही, बरेच. खालच्या बर्थवरून शिट्टीसारखा, बाजूने जड, पलीकडून घरघरता. साऱ्या मजल्यावर माणसं श्वास घेत होती. समुद्रावरची ती जुनी रात्र जणू खरोखरच चालू होती आणि उजाडायची वाट पाहत सगळे निजले होते. ड्यूलसीने दातांनी घोंगडी धरली.

मग अंधारात बर्ट खोकला.

टेप बंद होती. तरी तोच खोकला, आधी दोन कोरडे ठसके आणि मग ती लांबलचक खरखर. ड्यूलसीच्या तोंडून शब्द निसटला, "बर्ट?"

समोरून किंचाळी दाबल्यासारखा आवाज आला. "थेल्मा... थेल्माताई... मला माफ कर! तुझ्या वाढदिवसाला शिळे मासे आले होते ना, ते बाबांनी नाही, मी दिले होते! तू आजारी पडशील असं वाटलं नव्हतं गं!"

"तरीच!" ड्यूलसी ताडकन उठून बसली आणि वरच्या फळीवर तिचं डोकं आपटलं. "केव्ह हॅम्बली! मेल्या, तो मासा मीपण खाल्ला होता!"

"कोण? ड्यूलसी?" केव्हचा आवाज रडवेला झाला होता. "तू कधी गेलीस?"

"कुठे गेले? ही काय इथे आहे! तू बापाच्या जागी काय करतोयस?"

"बाबांना बायकोने नेलं फळीच्या पिशवीतून. ती गाडी घेऊन सुटेपर्यंत जागा राखतोय." त्याने पुन्हा तो खानदानी खोकला काढला. "आणि तू?"

"तेच."

"हळू बोला रे," खालच्या बर्थवरून मर्ल टॉडचा आवाज आला. "ती पोरगी येईल."

"मर्ल? काल पकडली गेलीस ना तू?"

"काल पाय दिसले. म्हणून आज अर्धा अर्धा नेतेय. वरचा अर्धा बहिणीकडे पोचला."

मग एकेक जण बोलू लागला. पलीकडे नोएलीनचा भाऊ होता, आईच्या जागी, लेस लावलेली टोपी घालून. त्याच्या शेजारी पोस्टमास्तर. त्याच्या खाली बेकरीवाल्या जुळ्या बहिणी, आजी-आजोबांच्या जागी. प्रत्येकाला वाटत होतं की आपली युक्ती एकट्या आपल्यालाच सुचली. प्रत्येक जण इतका वेळ प्रेतांच्या रांगेत एकटाच जिवंत पडल्यासारखा घामाघूम झाला होता आणि शेजारच्याने श्वास घेतला की देवाचा धावा करत होता. जिवात जीव आल्यावर आता सगळे एकदम हसायला लागले, घोंगड्या तोंडात कोंबून.

इकडे क्लॅरीची काय गत झाली होती, तेही सांगायला हवं. तो थेल्माला घेऊन उतारावरून खाली आला आणि धुक्यातून पेटा विन्स्लो पुढ्यात उभी राहिली.

"ड्यूलसी! काय झालं पायाला?"

"गुडघा," क्लॅरी म्हणाला. "आणि घसा. घसा पार बसलाय. बोलता येत नाही."

"अरेरे! आणि या थंडीत घेऊन चाललात? चला, माझ्या खोलीत हीटर आहे." तिने क्लॅरीच्या हातून खुर्ची काढून घेतली आणि तो नको नको म्हणत असताना ढकलत नेली. खोलीत थेल्माच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला गेला. क्लॅरीला दुसऱ्या कोपऱ्यात बसवलं गेलं. हीटरच्या उबेने थेल्माच्या गालावरचा रंग चमकायला लागला होता.

"तुम्ही माझ्यावर रागावला आहात, ड्यूलसी, मला कळतंय," पेटा म्हणाली. थेल्मा काही बोलली नाही. "बोलता आलं असतं तरी बोलला नसतात." यावरही थेल्मा गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं असं काही भारदस्त होतं की पेटाने खुर्ची जवळ ओढली आणि तिचा हातमोज्यातला हात हातात घेतला.

"खरं सांगू? ते शिसं वगैरे आहेच. पण मला निमित्तच हवं होतं." तिचा आवाज खाली आला. "माझी आई मेलबर्नला वृद्धाश्रमात असते. मी गेले की ती अशीच डोळे मिटून पडलेली असते. उठवलं तर ओळखत नाही. मग मी जाणंच बंद केलं. म्हणून तर इतक्या लांबची नोकरी धरली. आणि इथे येऊन बघते तर मजलाभर माणसं डोळे मिटून पडलेली! रोज सकाळी दिवे लावायला खाली गेले की वाटतं, आत्ता कुणीतरी उठेल आणि विचारेल, का गं, येत का नाहीस?"

ती रडायला लागली. क्लॅरी कोपऱ्यात टायशी झटत होता. त्याला पेटाची दया आली, आणि थेल्माचा घट्ट मिटलेला चेहरा पाहून थोडा अभिमानही वाटला. माणसाला मध्ये न तोडता ऐकून घ्यायची तिची पहिल्यापासूनच सवय होती.

दिवे गेले ते तेव्हाच. पेटाने डोळे पुसले आणि बॅटरी घेतली. "फ्यूज! चला ड्यूलसी, आपण दोघीच खाली जाऊ. शेवटचं बघून घ्या बहिणीला. तेवढा तुमचा हक्क आहे."

"नको, नको! तिला अंधाराची भीती वाटते!" क्लॅरी ओरडला.

"मी आहे ना," असं म्हणत पेटा खुर्ची घेऊन निघालीसुद्धा.

खाली पावलं वाजली तसं हसू गपकन थांबलं. मजला पुन्हा मेला. पेटा बॅटरीचा झोत एकेका चेहऱ्यावरून नेत चालली. दाढी, टोपी, लेस, दाढी. केव्हच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला होता, पण तिचा झोत तोवर पुढे सरकला होता. शेवटी ती ड्यूलसीच्या बर्थपाशी थांबली.

"अगदी तुमच्यासारख्याच होत्या हो त्या," ती हळूच म्हणाली. "थांबा, चष्मा काढते म्हणजे नीट दिसेल."

तिने खुर्चीतल्या बाईचा चष्मा काढला आणि झोत फिरवला. डोळे मिटलेले होते. नाकावरचा रंग उडून पांढरं प्लास्टर दिसत होतं. पेटा बघत राहिली.

"घाबरू नकोस, पोरी," मागून, बर्थवरून आवाज आला. "पण ड्यूलसी इकडे आहे."

पेटा ओरडली नाही. ती मागच्या खालच्या बर्थवर मटकन बसली, आणि खालून मर्ल टॉड कळवळली, "अगं आई गं! पाय माझा!"

मग सगळेच उठले. अंधारात रात्रीच्या टोप्या घातलेली, घोंगड्या पांघरलेली माणसं एकेक करून बर्थवरून पाय खाली सोडू लागली. कुणी तिला पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, पोस्टमास्तर तर लेसवाल्या रुमालाने वारा घालू लागले. ही सेवा अंगावर घेताना ती किती वेळा मेली असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "मग मी इतका वेळ कुणाशी बोलत होते?"

"माझ्या बायकोशी," दारात उभा असलेला क्लॅरी म्हणाला. "काळजी करू नका. ती कुणाला सांगत नाही."

पेटाने खुर्चीकडे पाहिलं, मग ड्यूलसीकडे, मग अंधारात ताटकळत उभ्या असलेल्या त्या सगळ्या चोरांकडे. तिने बॅटरी विझवली. "धुकं फारच आहे आज," ती म्हणाली. "मला फाटकापर्यंतचंसुद्धा काही दिसत नाहीये."

सोमवारी गाडी आली आणि रिकामीच परत गेली. पुतळे आधीच निकालात काढले, असं पेटाने ड्रायव्हरला सांगितलं. तिचा चेहरा इतका निर्विकार होता की हे तिला आमच्यापैकीच कुणी शिकवलं असणार. मग बर्थमध्ये पडदे बसले. पडद्यांवर तरुण, देखणे नट खोकत होते.

क्लॅरीने थेल्माला खिडकीपाशी तिच्या जुन्या खुर्चीत बसवलं. पहिल्या दिवशी त्याने तिला सगळी हकीकत सांगितली आणि पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर फुटबॉल लागला तेव्हा त्याने नकळत आवाज बारीक केला. मग तो घरात चवड्यांवर चालू लागला. ड्यूलसी आली की तीही दारातच आवाज खाली आणून विचारायची, "कशी आहे?" घरात आजारी माणूस असावं तसं झालं होतं. थेल्माचे शेवटचे महिने तो विसरू पाहत होता, नेमके तेच घरी परत आले.

"नीट जेवत नाहीस तू," ड्यूलसी म्हणाली.

"चेहरा मिळाला गं," क्लॅरी म्हणाला. "रोज बघतो. पण खाली जहाजावर सगळेच झोपलेले असायचे. सगळी बोट झोपलेली. उद्या बंदर आलं की सगळे उठतील, असं वाटायचं. इथे ती एकटीच झोपलीय." त्याने तोंड फिरवलं. "इथे ती नुसती मेलीय, ड्यूलसी."

ड्यूलसीने आपला कोट काढला आणि बहिणीला घातला.

रविवारी पुन्हा धुकं होतं. चर्चची खुर्ची अजून परत गेलेली नव्हतीच. गावात कुणाला दिसू नये म्हणून दोघं मागच्या रस्त्याने, माना खाली घालून, थेल्माला ढकलत धक्क्यावर आले आणि उताराच्या तोंडाशी त्यांना थांबावं लागलं. पुढे रांग होती. केव्ह आणि त्याची बायको लांब पिशवीची दोन टोकं धरून उभे होते. मर्लने नवऱ्याचा वरचा अर्धा कडेवर घेतला होता आणि खालचा अर्धा बहिणीकडे दिला होता. नोएलीनचा भाऊ आईला खांद्यावर टाकून सगळ्यांची नजर चुकवत होता. कुणी कुणाला काही विचारलं नाही. केव्ह तेवढा हवेकडे बघून म्हणाला, "बाबांना दुकानाकडे तोंड करून बसवलं होतं. गिऱ्हाईकं येईनात." आणि खोकला.

जहाजाच्या कुशीतलं दार उघडं होतं. आत गावातला काचवाला फूटपट्टी घेऊन एकेका बर्थचं माप काढत होता, काचेमागे ठेवलेलं शिसं नियमात बसतं म्हणून. पडदे काढून भिंतीशी उभे करून ठेवले होते. पेटा दारात उभी होती. ती शनिवारी मेलबर्नला आईकडे जाऊन रात्रभर गाडी चालवत परत आली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

ती रांगेकडे बघत राहिली. रांग तिच्याकडे बघत राहिली. क्लॅरीने घसा खाकरला, टाय सारखा केला आणि काहीतरी खोटं बोलायला तोंड उघडलं.

"उभे काय राहिलात?" पेटा म्हणाली. "आधी आत आणा त्यांना. गारठा किती पडलाय बघा बाहेर."